बारावीत मार्क कमी पडले? आधी हे बघ

अरे, दोन दिवस रडून घे, मीपण रडलो होतो, पण अ‍ॅडमिशन करून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नकोस. कमी मार्कवाले घाबरून हीच चूक करतात.

पेपरबद्दल खात्री असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी माग, त्याशिवाय रिव्हॅल्युएशन, म्हणजे फेरतपासणी, होत नाही, आणि मुदत फार थोडी असते.

कॅप, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म भरताना फक्त सीओईपी, पीआयसीटी अशी पुण्यातली टॉपची कॉलेजं टाकून मोकळा होऊ नकोस, खाली मिळतील अशी कॉलेजंपण टाक. क्रम मात्र आवडीचाच ठेव, कारण पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट तिथंच फ्रीझ, म्हणजे पक्की होते, मग पुढच्या फेऱ्या विसर.

पुण्यातल्या फर्ग्युसन, एसपी कॉलेजचं बीएस्सीपण बघून ठेव. ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचं, नंतर बोलू, आत्ता नको. आरक्षणासाठी कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर सर्टिफिकेट लागत असेल तर आजच बघ.