शेक नव्हे, रंजक

देवगडच्या एका वाचकाने विचारले आहे : "काकांच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ आहे. मुंबईचे डॉक्टर शिरेतून 'डाय' देणार आणि दोन दिवसांनी दुर्बीण घालून आत लाल लाइट सोडणार. घरात सगळे 'काकांक शेक देतत' म्हणतात. हा शेकच का? आणि या डायला मराठीत काय म्हणावे?"

शेक नव्हे! रेडिएशनला शेक म्हणणे आपल्याकडे रुळले आहे, ते राहू द्या. पण दिसेल त्या उजेडाला शेक म्हणायचे? रेडिएशनचे किरण पेशीत घुसून स्वतःच मोडतोड करतात. इथला ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश एकटा कोणाचे काही बिघडवत नाही, आणि तो रंग अंधारात तसाच निपचित पडून असतो. दोघे भेटले की रंगाचा रेणू प्रकाश गिळतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. तो चवताळलेला ऑक्सिजन पेशीची आवरणे फोडतो, पण जन्मल्या जागेपासून पेशीची रुंदीही त्याला ओलांडता येत नाही, त्याआधीच तो विझतो. म्हणून जिथे रंग आणि उजेड दोन्ही आहेत तिथेच घाव. 'लेसरने गाठ जाळली' असे छापणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावे. यात जळत काहीच नाही.

या उपचाराचे इंग्रजी नाव 'फोटोडायनॅमिक थेरपी'. त्याला 'प्रकाशगतिक उपचार' हा शब्द करणाऱ्यांशी माझे त्याहून मोठे भांडण आहे. ग्रीक 'डायनॅमिस' म्हणजे शक्ती, सामर्थ्य. म्यूनिकमध्ये प्राध्यापक टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब याला दिसले की ॲक्रिडिन रंगातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात, अंधारात जगतात. ते १९०० साली छापून आले आणि पुढे टापायनरांनी या प्रकाराला 'फोटोडायनॅमिक' नाव दिले. त्यात गती कुठे आली? पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात डायनॅमिक्सला गतिकी म्हणतात, तेवढ्यावरून इथे 'गतिक' चिकटवणे ही निव्वळ नक्कल आहे.

आता डाय. 'रंगद्रव्य' चालेल, पण मिळमिळीत आहे. आपल्याकडे रंजक असताना हे कशाला? 'रंजक सामना', 'रंजक माहिती' अशा मथळ्यांनी या शब्दाची पार रया घालवली, म्हणून लोकांना त्यात फक्त करमणूक दिसते. मुळात धातू 'रञ्ज्', रंगणे, लाल होणे. रंग त्यातून, राग त्यातून, आणि रक्त म्हणजे सरळ 'रंगलेले'. आपला रातांबाही त्याच घरचा : जुन्या मराठीत 'राता' म्हणजे लाल. आयुर्वेदात यकृत-प्लीहेत राहून रसाला तांबडा करणारे ते रंजक पित्त. आणि या उपचारातले पहिले गाजलेले औषध कशापासून आले? हिमॅटोपॉर्फिरिनपासून, म्हणजे रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्यातून काढलेल्या रंगापासून! मला हे कळले त्या रात्री झोप लागली नाही.

पण खरी गंमत पुढेच. विजयदुर्गाला किंवा जंजिऱ्याला गेलात तर तोफेच्या मागच्या अंगाला वरून एक बारीक भोक दिसेल. तो तोफेचा कान. त्यात घालायची चिमूटभर दारू, तिचे नाव रंजक. बत्ती लागेपर्यंत ती थंड पडून असते. बत्ती लागली की स्वतः भडकून आतल्या मोठ्या दारूला उठवते. अगदी हेच आपला रंग करतो : उजेडाची बत्ती, रंगाची रंजक, ऑक्सिजनची दारू. काही हिंदी कोश ही रंजक 'रंच', म्हणजे किंचित, यापासून काढतात. चिमूटभर असते म्हणून रंच! मग चिमूटभर मीठ, चिमूटभर हिंग यांनाही रंजक का म्हणत नाहीत? लाल भडका उडवते ती रंजक, 'रञ्ज्'चीच लेक, असे माझे ठाम मत आहे.

एका रसायनवाल्या स्नेह्यांचा आक्षेप असा की तोफेची रंजक जळून जाते, तर या रंगाचा एकच रेणू ऑक्सिजनला पुन्हापुन्हा उठवतो. मान्य. उपमा तिथे थांबते, शब्द थांबत नाही. हवे तर लिंगाने वेगळे करा : तोफेची ती रंजक, औषधाचे ते रंजक.

आणि कोकणाला हा प्रकार नवा नाही. गुरे घाणेरी खातात, त्यांचे यकृत बिघडते, आणि चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा फायलोएरिथ्रिन हा रंग पित्तावाटे बाहेर जायचा तो रक्तातून कातडीत येतो. मग उन्हात नाकपुडी, कान, कास सोलवटतात. बांड्या गाईचे पांढरे पट्टे आधी. तो रंग पॉर्फिरिनच्याच कुळातला, आणि कलेजीपासून कातडीपर्यंत चाललेले ते रंजकाचेच काम. आपण मात्र 'ऊन बाधले' म्हणून मोकळे होतो.

तर, काकांचा उपचार : 'प्रकाश-रंजक उपचार' म्हणा. नाव बरोबर हवे, कारण शेक म्हटले की घरच्यांना वाटते, घरी आले की संपले. हे रंजक कातडीतही उरते, त्यामुळे किमान महिनाभर, कधी जास्तही, काकांना अंगणातले ऊन चालणार नाही. उन्हाची क्रीमही पुरत नाही, कारण ती दिसणारा उजेड अडवत नाही. पण त्यांना काळोख्या माजघरात कोंडूही नका. घरातला साधा उजेड कातडीतले रंजक हळूहळू निकामी करतो, तो त्यांना मिळायला हवा. ऊन येत नसताना ओटीवर बसले तर चालेल का, आणि किती दिवस जपायचे, ते डॉक्टरांनाच विचारा.