घरात वाइन पिणारे आणि न पिणारे दोन्ही असतील, तर वाइनऱ्या आणि रस्त्यावरची गमतीची ठिकाणं एकाच दिवसात कशी जमवावीत?

तुम्ही लिहिलंय ते असं: आईवडील, दोन लहान मुलं, मित्रांची दोन जोडपी. निम्मे वाइन घेतात, निम्म्यांनी कधी चवही पाहिलेली नाही. आणि काळजी ही की न पिणारे दिवसभर ताटकळत बसतील.

मी अशा मिश्र गोतावळ्याबरोबर बरेचदा गेलोय. कंटाळतात ते बहुतेक वेळा पिणारे. तिसऱ्या वाइनरीत पोचेपर्यंत त्यांची जीभ इतकी थकलेली असते की समोर काय ओतलंय यात त्यांना रस उरत नाही. न पिणाऱ्याला मात्र नीट दाखवलं तर तिथे बघण्यासारखं पुष्कळ असतं. म्हणून माझं सरळ म्हणणं: दिवस न पिणाऱ्यांच्या सोयीने आखा. पिणाऱ्यांचाही तोच जास्त चांगला जातो.

पहिलं म्हणजे वाइनऱ्या दोनच घ्या. एक खरंच मोठी असेल तर एकच. 'चार ठिकाणं बघून टाकू' म्हणणारा मित्र प्रत्येक गटात असतो. त्याला हा हिशेब दाखवा. टेस्टिंगमध्ये साधारण चार ते सहा वाइन देतात, प्रत्येक ३० ते ६० मिली. मधले आकडे धरले तरी पाच वाइनचे सव्वादोनशे मिली होतात, म्हणजे दीड ग्लास. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल धरलं, तर हे शुद्ध अल्कोहोल बावीस ग्रॅमच्या आसपास जातं. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमचा निचरा करतं. कॉफीने, थंड पाण्याने किंवा चालण्याने हा वेग वाढत नाही. म्हणजे एका टेस्टिंगमधून शरीर मोकळं व्हायला दोन-तीन तास हवेत. घोटभर चाखलं म्हणून काय होतंय, असं वाटतं, पण घोट मोजले की चित्र बदलतं. त्यामुळे गाडी चालवणारा सकाळीच ठरवा आणि त्याने थेंबही घ्यायचा नाही. हे जमणार नसेल तर चालकासकट गाडी करा. या बाबतीत 'बघू तिथे गेल्यावर' चालत नाही.

आता वाइनरीत काय बघायचं. नुसतं टेस्टिंग घेऊ नका, आतून फिरवून दाखवणारी टूर घ्या. आणि ती आधी, चव नंतर. बऱ्याच जागी उलटा क्रम असतो, पण विनंती केली तर बदलून देतात.

टूरमध्ये मुलांना सगळ्यात आवडतो तो द्राक्षाचा रंग. वेलीवर काळी द्राक्षं असतील तर परवानगी घेऊन एक मणी मुलाच्या हातात द्या आणि दाबायला सांगा. रस जवळजवळ पांढरा निघतो. काही थोड्या जाती सोडल्या तर काळ्या द्राक्षाचाही रस रंगहीनच असतो, लाली सगळी सालीत. रेड वाइन लाल होते कारण ती सालीसकट आंबवतात. त्याच द्राक्षाची साल लगेच बाजूला केली तर पांढरी वाइनही बनते. शॅम्पेनमध्ये वापरलं जाणारं पिनो न्वार हे काळंच द्राक्ष आहे. हे कळल्यावर मोठी माणसंसुद्धा पुढच्या प्रत्येक टाकीपाशी थांबून प्रश्न विचारू लागतात.

तो मणी खाऊनही बघू द्या. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं आणि खायच्या द्राक्षापेक्षा बरंच गोड असतं. ती साखरच यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. हंगामात रेड वाइनच्या टाकीत डोकावलं तर साली वर येऊन त्यांचा जाड थर तरंगताना दिसतो. दिवसातून दोन-चारदा तो थर खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडतात, म्हणजे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. मात्र आंबत असलेल्या टाकीवर मुलांना वाकू देऊ नका. तिथे साचलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि गुदमरवतो. माहितगार कामगारही याच कारणाने दगावले आहेत.

तळघरातली लाकडी पिंपं आजी-आजोबांच्या पसंतीची. गारवा असतो, बसायला जागा मिळते. फ्रान्समधल्या बोर्दो पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे त्यातून पाऊण लिटरच्या ३०० बाटल्या निघतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला हा भागाकार करायला लावा, मग त्याला पिंपं मोजायचा नाद लागतो. आमच्यातल्या एका मित्राच्या आईने, ज्यांनी आयुष्यात वाइनला हात लावलेला नाही, असंच एका तळघरात विचारलं, "लाकडातून हे उडून जात नाही का?" फिरवून दाखवणारा माणूस खूश झाला. उडून जातंच. म्हणून पिंपं वरचेवर काठोकाठ भरत राहावी लागतात, कारण रिकाम्या जागेत हवा शिरली की वाइन बिघडून व्हिनेगरच्या वाटेला लागते. त्या एका प्रश्नावर पुढची पंधरा मिनिटं गेली आणि टेस्टिंगसाठी आलेली मंडळी मागे उभी राहून ऐकत होती.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन बनत असेल तर तो भाग चुकवू नका. पारंपरिक पद्धतीत बुडबुडे बंद बाटलीतच तयार होतात आणि आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाच-सहा पट जातो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून त्या बाटलीची काच जाड आणि बुडाला खोल खळगा. गाळ तोंडाशी जमावा म्हणून बाटल्या उलट्या तिरक्या ठेवून थोड्या थोड्या फिरवत नेतात, मग तोंडाचा भाग गोठवून तो गाळ उडवून देतात. हे प्रत्यक्ष दाखवणारा कोणी भेटला तर मुलं हलत नाहीत.

हंगामाबद्दल विचारलंत. द्राक्षतोड युरोप आणि उत्तर अमेरिकेत साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. त्या दिवसांत बघायला सगळ्यात जास्त मिळतं, पण तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. मी तोड सुरू व्हायच्या थोडं आधी जाणं पसंत करतो. वेलींवर घड असतात आणि माणसं निवांत असतात. द्राक्षबागेत मात्र न विचारता शिरू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उजाड करणारी फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आजही बुटांच्या मातीतून पसरू शकते, त्यामुळे काही भागांत याबद्दल फार कडक असतात.

टेस्टिंगच्या रीतिभातीचा बाऊ करू नका. हलक्यापासून जडाकडे जायचं आणि गोड वाइन शेवटी. उग्र अत्तर लावू नका, शेजारच्याचाही वास मारला जातो. तोंडातली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरण्यात काही गैर नाही; रोज चाखणारे जाणकार तेच करतात. दोघांत एक टेस्टिंग घ्यायलाही हरकत नसते. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस किंवा दुसरं काही मिळतं का आणि मुलांना आत सोडतात का, हे दोन प्रश्न आधी फोन करून विचारा. वेबसाइटवर 'कुटुंबासाठी उत्तम' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

आता रस्त्यावरची ठिकाणं. यांना लोक वेळ घालवायची जागा समजतात, माझ्या मते ती सहलीचा कणा आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या वाइनरीच्या मध्ये दोन-तीन तास काढायचेच आहेत, ते इथे काढा.

या जागांचा एक इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की त्या बघायला जास्त मजा येते. जवळजवळ प्रत्येक अवाढव्य, विचित्र वस्तू काहीतरी विकायला उभी केलेली असते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मार्गेट गावी लूसी नावाची सहा मजली हत्तीण आहे. जेम्स लॅफर्टी यांनी ती १८८१ साली समुद्रकाठचे प्लॉट विकायला बांधली. गिऱ्हाइकाला हत्तीच्या पाठीवर चढवायचं आणि वरून जमीन दाखवायची. प्लॉट केव्हाच विकले गेले, हत्तीण अजून उभी आहे. साउथ डकोटातलं वॉल ड्रग हे औषधांचं दुकान १९३० च्या दशकातल्या मंदीत चालेना, तेव्हा मालकिणीला सुचलं की तहानलेल्या प्रवाशांसाठी रस्त्यावर 'बर्फाचं पाणी फुकट' अशा पाट्या लावाव्यात. पाण्यासाठी थांबलेले लोक दुकानात शिरले आणि त्यावर पुढे अख्खं पर्यटनस्थळ उभं राहिलं. ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बरला १९६४ साली केळ्यांच्या स्टॉलकडे गाड्या वळाव्यात म्हणून काँक्रीटचं भलंमोठं केळं उभारलं. नंतर तिथे अशा 'बिग' वस्तूंची लाटच आली: मेंढा, अननस, झिंगा, काय वाट्टेल ते.

आणि वाइनरीचं टेस्टिंगही याच जातीचं आहे हे लक्षात घ्या. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात वाइनरी काढली ती पाहुण्यांना फिरवून दाखवायचं, चाखायला द्यायचं हे धरूनच. गाडी थांबली तर बाटली विकली जाईल, हाच हिशेब. फरक इतकाच की वाइनरीची इमारत देखणी असते आणि काँक्रीटचं केळं बघून हसू येतं. मला केळं जास्त प्रामाणिक वाटतं.

यातल्या ज्या जागांत आपला हातभार लावता येतो त्या मुलांसाठी सगळ्यात बऱ्या. कॅन्सासमध्ये कॉकर सिटीला फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने १९५३ साली सुतळीचा गोळा गुंडाळायला घेतला; आज तो कित्येक टनांचा आहे आणि येणारे-जाणारे त्यात भर घालतात. टेक्सासमध्ये अमारिलोजवळ १९७४ साली कलाकारांच्या एका गटाने दहा कॅडिलॅक गाड्या नाक खाली करून जमिनीत पुरल्या, त्यांच्यावर आता कुणीही स्प्रेने रंग मारतं. तुमच्या वाटेवर एवढं प्रसिद्ध काही नसेलही. जुना पूल, कुणा हौशी माणसाने एकट्याने जमवलेलं संग्रहालय, गावाच्या वेशीवरचा विचित्र पुतळा, असं काहीही चालतं. अट एकच: तिथे गाडीतून उतरावं लागलं पाहिजे.

वाइनरीची वेळ आधी पक्की करा, रस्त्यावरच्या जागांची मुळीच करू नका. त्या मुलांच्या हाती द्या. आमच्याकडे प्रत्येक मुलाला एकदा 'थांबा' म्हणायचा हक्क असतो आणि मोठ्यांनी कारण विचारायचं नाही. मुख्य रस्ता सोडून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त आत जावं लागलं तर मात्र मतदान. या नियमामुळे आम्ही काही भिकार जागाही पाहिल्या आहेत. एका संग्रहालयात तर जुन्या कुलुपांखेरीज काहीच नव्हतं. नंतर सगळ्यांना आठवतं ते तेच.

राहिली बाटल्यांची गोष्ट. पहिल्या वाइनरीत घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवून तुम्ही दोन तास केळं बघत बसलात, तर उन्हातल्या बंद गाडीत त्या वाइनचं मातेरं होतं. तिशीच्या पुढे तापमान गेलं की चव बिघडू लागते, आणि वाइन प्रसरण पावून बूच वर सरकतं. थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या घरूनच न्या, किंवा खरेदी शेवटच्या ठिकाणीच करा. टूर घेतली म्हणून बाटली घ्यायलाच हवी असं नाही, पण कुणी तासभर मन लावून दाखवलं असेल तर एखादी घ्यावी. आणि त्यातली एक, सगळ्यांनी पैसे काढून, गाडी चालवणाऱ्याला. ती निवडायचा मान त्याचा. चव घेता आलेली नसते, म्हणून निवडताना टेबलावरच्या प्रत्येकाने त्याला आपलं मत सांगायचं. तो बहुतेक वेळा लेबल बघूनच घेतो.