घरीच संदेश ऐकते, मग चर्चला कशाला?

“मॅडम, माझा विश्वास गेला असेल का हो?” खुर्चीत टेकल्या टेकल्या ताईंनी विचारलं. वय चाळिशीचं, पुण्यात नोकरी, माहेर नगरकडचं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

तीन वर्षं त्या चर्चची पायरी चढल्या नव्हत्या. बायबल रोज वाचायच्या, सकाळी भाकऱ्या थापताना मोबाईलवर संदेश, म्हणजे पाळकांची प्रवचनं, ऐकायच्या. पण रविवार उजाडला की पोटात गोळा यायचा. सासूबाई म्हणायच्या, “आज मंडळी सोडलीस, उद्या प्रभूला सोडशील.” (मंडळी म्हणजे चर्चमध्ये एकत्र जमणारा समुदाय.) ताईंचं म्हणणं होतं, “घरी तर जास्त चांगले संदेश ऐकते मी. मग चर्चला गेलंच पाहिजे का?”

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि त्याला लगेच बायबलमधलं वचन काढून उत्तर द्यायचं नाही हे मी शिकले आहे. मी म्हटलं, “तुम्ही काय ऐकता ते दाखवा बरं.” त्यांनी मोबाईल पुढे केला. धैर्य, आशीर्वाद, मुलांचं संगोपन. मधेमधे पाच-सहा संदेश अर्धवट सोडलेले.

“हे का सोडलेत?”

बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “मरणाचं, पुनरुत्थानाचं आलं की मी दुसरा लावते.”

एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे पती कोविडने गेले. दफनाला चार माणसं. चर्चमध्ये उपासना नाही, गीत नाही, संदेश नाही. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा डावीकडचा तिसरा बाक डोळ्यांपुढे यायचा आणि त्या घरीच थांबायच्या. ताईंना चष्मा विसरायची सवय. पती गीताचा क्रमांक काढून पुस्तक मधे धरायचे आणि ओळीखाली बोट फिरवत न्यायचे. म्हणून त्या बाकाकडे बघायलाच त्यांना नको होतं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं: हा अविश्वास नाही, आत अडकून पडलेलं दुःख आहे. पण मोबाईलवर आपण आपल्याला सोसेल तेवढंच वचन निवडतो. चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे त्या दिवशी वाचायचा बायबलचा उतारा, आपल्याला विचारून ठरत नाही. आपण ज्याला टाळतो तेच वचन कधीतरी समोरून येतं, आणि त्या वेळी आजूबाजूला माणसं असतात. मला उपासनेची सगळ्यात मोठी गरज इथे दिसते.

येशूच्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी त्याचे शिष्य एकत्र होते, त्यांच्यातला थोमा नव्हता. आठ दिवसांनी तो त्यांच्यात होता, प्रभू खरंच उठला का ही शंका मनात तशीच. आधी शंका सोड, मग आमच्यात ये, असं त्याला कुणी म्हटल्याचं योहान आपल्या शुभवर्तमानात लिहीत नाही. तिथेच, त्या सगळ्यांमध्ये, प्रभू त्याला भेटला.

“पण मला गाताच येणार नाही,” त्या म्हणाल्या. नका गाऊ. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळीला शेकडो भजनं दिली, ती सगळ्यांनी मिळून म्हणायची. एकाचा कंठ दाटला तरी गीत थांबत नाही. बाकीचे आपल्या वाटची ओळ म्हणतात.

पहिला रविवार वाईट गेला. दारातच कुणीतरी म्हणालं, “इतके दिवस कुठे होता?” त्या रडत घरी आल्या. (मंडळीतल्या लोकांना माझी कळकळीची विनंती: परत आलेल्या माणसाला हिशोब विचारू नका, शेजारी जागा करून द्या.) पुढच्या खेपेला त्या मैत्रिणीबरोबर गेल्या आणि मागे, दाराजवळ बसल्या. नको वाटलं तर उठून यायचं, एवढंच आमचं ठरलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी शास्त्रपाठ लाजराचा निघाला, ज्याला येशूने मेलेल्यांतून उठवलं. त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. “मॅडम, हे वाक्य मी तीन वर्षं मनात धरून होते,” ताई म्हणाल्या, “आणि ते बायबलमध्ये मोठ्याने वाचलं जात होतं.” पाळकसाहेबांचा संदेश लांबला, पण त्या उठल्या नाहीत. येशू रडला, इथे आल्यावर त्याही रडल्या, आणि शेजारच्या आजींनी काही न विचारता रुमाल दिला.

सगळ्यांना मी हाच मार्ग सांगते असं नाही. ज्या मंडळीत अपमान किंवा छळ झाला असेल, तिथेच परत जा असं मी म्हणणार नाही. दुसरी मंडळी शोधायला मदत करीन. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरकडेही पाठवते. आणि ज्यांना अंथरूण सोडता येत नाही, त्यांच्यासाठी मोबाईलवरची उपासना हे दान आहे. पण तेवढ्यावर मंडळीची जबाबदारी संपत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: शहरातले, खेड्यातले सगळे जमत, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचत, अध्यक्ष बोध करी, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक प्रभुभोजनातला वाटा पोहोचवत.

हे सांगितलं तेव्हा ताईंना सासूबाई आठवल्या. गुडघ्यांमुळे दोन जिने उतरणं त्यांना कधीचंच बंद झालेलं. सून घरी राहायची तेव्हा त्यांच्यापर्यंतही चर्चमधलं काही पोहोचत नव्हतं. आता रविवारी दुपारी ताट वाढून झालं की सासूबाई आधी विचारतात, “आज शास्त्रपाठ कुठला होता गं?”