अमेरिकन उद्योजक चक फीनींनी खरंच सगळी संपत्ती दान केली का?

हो, जवळपास सगळीच, आणि तीही जिवंतपणी. एअरपोर्टवर दारू-परफ्यूमची ती ड्यूटी फ्री दुकानं असतात ना, त्यातली डीएफएस ही कंपनी त्यांनी रॉबर्ट मिलरसोबत १९६० मध्ये हाँगकाँगला सुरू केली आणि १९८४ मध्ये आपला हिस्सा गुपचूप स्वतःच्याच अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या धर्मादाय फाउंडेशनच्या नावावर करून टाकला. गंमत म्हणजे १९८८ मध्ये फोर्ब्सने त्यांना श्रीमंतांच्या यादीत टाकलं तेव्हा तो पैसा त्यांचा उरलाच नव्हता! पुढे एलव्हीएमएच या फ्रेंच लक्झरी कंपनीला हिस्सा विकला तेव्हा, १९९७ मध्ये, हे सगळं बाहेर आलं. एकूण वाटले सुमारे ८ अब्ज डॉलर, त्यातले १ अब्जाच्या आसपास एकट्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाला कारण तिथेच शिकले होते, बाकी आयर्लंडमधली विद्यापीठं, व्हिएतनाममधली हॉस्पिटलं वगैरे, आणि २०२० मध्ये पैसे वाटून संपले म्हणून फाउंडेशनच बंद केलं. फक्त 'सगळी' शब्दशः घेऊ नका, स्वतःला आणि बायकोला म्हणून साधारण २० लाख डॉलर ठेवले होते. पण राहायचे सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मनगटावर स्वस्तातलं कॅसिओ.