चॅलेंजची चिप आणि ‘आपण कोल्हापूरची माणसं’

ताई, सगळ्यात आधी छातीचं बघा. तुमच्या नववीतल्या मुलानं शनिवारी मित्राच्या वाढदिवसाला चॅलेंज म्हणून ती ‘सगळ्यात तिखट’ म्हणून विकतात ती एक चिप खाल्ली, पाच-सहा उलट्या झाल्या आणि आज सोमवार उजाडला तरी घास गिळताना छातीत दुखतंय, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यासाठी त्याला आजच डॉक्टरांकडे न्या. माझं बाकीचं उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल. उलटीच्या जोरानं अन्ननलिकेला आतून चीर पडू शकते. बहुतेकदा ती बारीक असते आणि आपोआप भरून येते, पण बारीक की मोठी हे घरी बसून कुणालाच कळत नाही. ताप आला, श्वास घेताना कळ यायला लागली, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर दवाखान्याच्या रांगेत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. आणि काय खाल्लं ते तिथं लपवू नका. पाकीट कचऱ्यात असेल तर शोधून सोबत घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सासरे म्हणतात, “कोल्हापूरच्या पोराला मिरचीनं काय होतंय? आम्ही भाकरीबरोबर लवंगी चावून खाल्ल्यात.” मुलगाही तेच ऐकवतोय आणि पुढच्या महिन्यात शाळेतल्या पोरांचा परत बेत आहे. त्याला कसं समजवायचं?

आमचं घरचं मिरची कांडप आहे. बावीस वर्षं मी त्या धुरळ्यात उभी आहे. शिमग्यापासून पाऊस पडेपर्यंत गावातल्या बायका चटणी करायला येतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला गुंटूर नाहीतर लवंगी. देठं खुडायला बसणाऱ्या बायका आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळतात, मगच पोत्याला हात घालतात. दिवसभर काही वाटत नाही. रात्री भांडी घासायला गरम पाण्यात हात घातला की अशी आग भडकते, की बाई हात धरून बसते. मिरचीतला कॅप्सेसिन नावाचा पदार्थ आपल्या नसांमधल्या ज्या ठिकाणी जाऊन बसतो, ती जागा मुळात चटका ओळखण्यासाठी असते. साधारण ४३ अंशांच्या वर तापलेलं काही लागलं की ती मेंदूला ‘भाजतंय’ म्हणून कळवते. कॅप्सेसिन बसलं की गार हातातूनही तोच निरोप जातो, आणि त्यावर खरंच गरम पाणी पडलं तर बघायलाच नको. ही जागा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली सापडली, २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या देठं खुडणाऱ्या बायकांना ती त्याआधीपासून माहीत आहे.

तशाच नसा तोंडात आहेत, घशात आहेत, पोटात आणि आतड्यात आहेत. सवयीनं जिभेची आग कमी वाटायला लागते, हे सासऱ्यांचं खरं आहे. पण जीभ सरावली म्हणून पोट, श्वासनळी आणि हृदय सरावलं असं होत नाही.

आणि ती मिरचीही आपली नव्हे. तिखटपणा मोजायचं एक माप आहे, स्कोव्हिल. १९१२ सालचं. आपल्याकडे येणारी गुंटूरची सनम मिरची त्या मापावर साधारण ३५ ते ४० हजार भरते. ईशान्येकडच्या भूत जोलोकियाची २००७ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली ती दहा लाखांच्या वर. कॅरोलिना रीपर २०१३ मध्ये सरासरी १५ लाख ६९ हजारांवर गेली आणि २०२३ मध्ये पेपर एक्स नावाची मिरची २६ लाख ९३ हजारांवर. चॅलेंजच्या चिपवर अशाच मिरच्यांची पूड, कधी कधी नुसता अर्क चोपडलेला असतो. सासऱ्यांना आकडे सांगू नका, एवढंच सांगा की चाळीस गुंटूर मिरच्यांचं तिखट एका मिरचीत कोंबलंय आणि तीच वाळवून त्या चिपवर थापलीय.

तरीही माझा राग मिरचीवर नाही, त्या खेळाच्या नियमावर आहे. आपल्याकडे तिखट कधी एकटं येत नाही. ठेच्यात शेंगदाणे असतात, वर तेलाची धार असते, खाली भाकरी असते. तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा असतो. मिसळीबरोबर पाव आणि दही. जेवणाऱ्याला कधीही थांबता येतं, ‘बास, लागलं’ म्हणता येतं, आणि घरातली बाई न विचारता ताकाचा पेला पुढं करते. चॅलेंजमध्ये नेमकं हे सगळं काढून घेतात. एका दमात खायचं, आणि जितका वेळ काढता येईल तितका वेळ पाणी नाही, दूध नाही, काही नाही. समोर मोबाइल धरलेला. चौदा वर्षांच्या पोराला त्या कॅमेऱ्यासमोर ‘मला नको’ म्हणणं किती अवघड असेल, याचा जरा विचार करा. शरीर ओरडून थांब म्हणतंय आणि न थांबण्यालाच टाळ्या आहेत.

अमेरिकेत पाकी नावाच्या कंपनीनं शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात एकच चिप विकायला काढली होती. पाकिटावर ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलेलं होतं. १ सप्टेंबर २०२३ ला मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात चौदा वर्षांच्या एका मुलानं ती शाळेत खाल्ली. पोटात दुखायला लागलं, घरी नेलं, आणि त्याच दिवशी तो गेला. कंपनीनं आठवड्याभरात माल दुकानांतून मागे घेतला. पुढच्या वर्षी मे महिन्यात अहवाल आला: भरपूर कॅप्सेसिन असलेला पदार्थ नुकताच पोटात गेलेला असताना हृदय आणि श्वास बंद पडला. त्याचं हृदय मोठं झालेलं होतं आणि हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जन्मजात दोष होता. “मग दोष त्या हृदयाचा,” असं कुणीतरी म्हणेलच. माझा उलटा प्रश्न आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या पोरांच्या हृदयाची सोनोग्राफी करून ठेवलीय? वर्गात चिप वाटणाऱ्या पोराला शेजारच्याच्या छातीत काय आहे ते कसं कळणार?

धडधाकट माणसांचंही ऐका. सॅन फ्रान्सिस्कोत ४७ वर्षांच्या एकानं पैजेत भूत जोलोकियाची चटणी लावलेला बर्गर खाल्ला. इतक्या जोराच्या उलट्या झाल्या की अन्ननलिका अडीच सेंटिमीटर फाटली, २३ दिवस हॉस्पिटलात काढले. २०१६ मध्ये डॉक्टरांनी ते छापलं, म्हणून मी वर छातीच्या दुखण्याचं आधी लिहिलं. न्यूयॉर्क राज्यात ३४ वर्षांच्या एकानं स्पर्धेत एक कॅरोलिना रीपर खाल्ली आणि पुढच्या काही दिवसांत वीज पडावी तसं डोकं दुखायला लागलं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या होत्या. जपानमध्ये जुलै २०२४ ला टोकियोतल्या एका शाळेत पोरांनी असेच अतितिखट चिप्स वाटून खाल्ले, चौदा जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्या पाकिटावर अठरा वर्षांखालच्यांना मनाई छापलेली होती. मनाई छापली की पोरांचा हात आधी तिकडेच जातो.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझा भाचा पुण्यात असतो, तेव्हा दहावीत होता. क्लासवरून येताना चौघांनी मिळून तसली चिप खाल्ली. यानं दहा मिनिटं पाणी घेतलं नाही, जिंकला. घरी येऊन बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे उलट्यांचा आवाज जाऊ नये. माझ्या बहिणीला वाटलं अंघोळ करतोय. पाऊण तासानं दार उघडलं तेव्हा तो फरशीला गाल लावून पडलेला, आणि बेसिनमध्ये लाल धागे. दोन दिवस सलाईन लागलं. नंतर तो मला म्हणाला, “मावशी, मला मरायची भीती वाटत होती, पण आई ओरडेल याची जास्त वाटत होती.” ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तुमच्या मुलाशी बोलताना मनाईपासून सुरुवात करू नका. आधी एक ठरवून टाका: असं काही झालं तर पहिला फोन घरी करायचा आणि त्या दिवशी कुणी एक शब्द बोलणार नाही. हे सासऱ्यांसमोर ठरवा आणि त्यांच्याकडूनही कबूल करून घ्या. दुसरं, त्याला जे करायचं ते हाताशी द्या. कुणी खाल्लंच तर उरलेलं थुंकायचं, नुसतं पाणी ढोसायचं नाही, कारण तिखट पाण्यात विरघळत नाही, ते तोंडभर पसरतं. दूध, दही, भात, भाकरी, नाहीतर चमचाभर साखर. बोटं घालून उलटी काढायची नाही. डोळ्याला हात लावायचा नाही, हात साबणानं दोन-तीनदा धुवायचे. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, एकदम भयंकर डोकं दुखलं की कुणाला विचारत न बसता १०८. आणि दम्याच्या मुलाला कुणी चिप देत असेल तर ती हिसकावून घ्यायची, मैत्री गेली तरी चालेल. पोरांना आपलं रक्षण करायला सांगितलं की ती कान देत नाहीत, पण मित्राचं करायला सांगितलं तर देतात. भाच्यानं पुढं तेच केलं, दोघांना थांबवलं.

सासऱ्यांशीही बोला, पण रागानं नको. त्यांनी लवंगी चावली ती शेतात, भाकरीबरोबर, भूक लागली म्हणून. हा फरक त्यांनीच नातवाला सांगितला तर तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा तो जास्त ऐकेल. आणि लग्नाच्या पंगतीत लहान पोरांना “एवढंसं तिखट सोसत नाही का रे?” म्हणून डिवचतो, तेही आपण मोठ्यांनी बंद करायला हवं. मीही ते केलंय, आता करत नाही.

पुढच्या महिन्याच्या बेताबद्दल वर्गशिक्षकांना मुलाचं नाव न घेता सांगता येईल. बाकीच्या दोन-तीन आयांना आधी फोन करा, एकटीनं जाऊ नका.

डॉक्टर काय म्हणाले ते इथं कळवा. आठला कांडप बंद होतं, त्यानंतर मी बघते.