सत्तरच्या पुढे जुनी जीप थरथरते, दोष कुठे शोधावा?

आपली जीप मागच्या चाकांवर चालणारी असून चाकांचे बॅलन्सिंग करूनही ताशी 70 किलोमीटरच्या आसपास बूड थरथरते, असे आपण लिहिले आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहावी. थरथर तशीच राहिली, तर इंजिन व त्याची माउंटिंग बहुधा निर्दोष आहेत आणि संशय प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या धुऱ्यापर्यंत नेणाऱ्या लांब दांड्यावर, येतो. 72 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण 9 ते 10 फेरे घेते, पण डिफरन्शियलचे (मागच्या धुऱ्यावरील गिअरपेटीचे) प्रमाण चारास एक धरल्यास शाफ्ट जवळपास 38 फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष हातातल्या स्टिअरिंगला हिसके देतो, तर शाफ्टचा दोष सीटखाली बारीक गुणगुण होऊन जाणवतो.

इंजिन बंद करून, चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची उटी लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने पिळून व वरखाली हलवून पाहावा. युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या टोकाच्या सांध्याच्या) टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतले सुईबेअरिंग कोरडे पडून गंजले आहे असे समजावे. मधले सेंटर बेअरिंग असल्यास त्याचे रबरही तपासावे.

क्लचच्या कामानंतरच हे सुरू झाले का, हे मी आधी विचारले असते; कारण त्या कामासाठी शाफ्ट खोलावा लागतो. शाफ्ट खोलताना खुणा केल्या नाहीत, तर सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) परत एका पातळीत बसतीलच असे नाही, आणि तसे झाल्यास नवे सुटे भाग घालूनही थरथर जात नाही.