डग्गा घुमतोय, अ‍ॅम्प्लिफायर बदलू का?

प्रश्न : वर्षभरात डॅक (डिजिटल संगीताचं विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) बदलला, केबल बदलल्या, तरी विलंबितात डग्गा घुमतोच. आता चाळीस हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं घाटतंय. हल्ली अख्खा ख्याल ऐकून होत नाही. दोन मिनिटं ऐकतो की आवाज तपासत बसतो. खोली १० बाय १२ फूट, स्पीकर शोकेसवर, दोन कोपऱ्यांत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : चाळीस हजार तूर्त बँकेतच राहू द्या. घुमतेय ती खोली. १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज साठतो, १० फुटांत ५६ च्या. शिवाय त्यांच्या दुपटीला, म्हणजे ९४ आणि ११२ ला. डग्ग्याचा घुमारा याच टापूत. कोपऱ्यातला स्पीकर त्यात भर घालतो, शोकेसची काच थरथरते ते वेगळंच.

स्पीकर स्टँडवर घ्या. १० फुटांच्या भिंतीपासून २ फूट पुढे, बाजूच्या भिंतींपासून सव्वादोन फूट आत. दोघांत साधारण साडेपाच फूट अंतर राहील, तेवढ्याच अंतरावर, किंवा थोडं मागे, तुम्ही बसा. पाठ भिंतीला टेकवू नका, तिथे खर्ज सर्वांत फुगतो; खोलीच्या बरोबर मध्यावरही नको, तिथे ४७ हर्ट्झ जवळपास गायबच होतो. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भोंगा, कानाच्या उंचीला हवा : खुर्चीवर बसत असाल तर सव्वातीन फूट, सतरंजीवर बसत असाल तर अडीच. स्टँड घेताना हे बहुतेकजण विसरतात.

मग तबल्याचा घिस्सा ऐका. तळहात सरकतो तसा डग्ग्याचा स्वर चढत जातो. मध्येच एखाद्या ठिकाणी तो एकदम फुगला, तर आसन सहा-सहा इंच पुढेमागे सरकवा. भिंतीवर गोधडी टांगून डग्गा आवरत नाही. तिने फक्त वरच्या पट्टीतला खणखणाट कमी होतो.

केबलचं म्हणाल तर ५ मीटर अंतराला २.५ चौरस मिमीची साधी तांब्याची वायर पुरे. जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.०७ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. दोन यंत्रांची तुलना करायचीच झाली तर आधी आवाज मीटरने सारखा करा, कारण जरा मोठा वाजलेला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. एका बदलानंतर पंधरा दिवस काही हलवायचं नाही, रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं.

प्रश्न : आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या नव्या टर्नटेबलवर फार खरखरतात. स्पिरिटने पुसू का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : स्पिरिट अजिबात नको! तबकडी लाखेची असते, लाख स्पिरिटात विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनेच पुसायचं आणि लेबल कोरडं ठेवायचं. खरखरीचं मोठं कारण मात्र सुई. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला लागते आणि तिथला कचरा वाजवते. ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई घ्या, तबकडीवर पडणारं तिचं वजन उत्पादकाने दिलेलंच ठेवा. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. गाणं खाचेत आडवं कोरलेलं असतं, सुईच्या वर-खाली हालचालीचा आवाज निव्वळ खरखरीचा. दोन्ही चॅनल एकत्र झाले की तो आपसांत बराचसा कटतो.